भावकीतलं हाड

त्या वैशाखात मी हिर्डोशीला घरी आलो तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात तपकिरीची एक पत्र्याची डबी होती. मी तपकीर ओढत नव्हतो. डबीत कापूस होता आणि कापसात एक हाड होतं, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं. एका लहान प्राण्याच्या खालच्या जबड्याचा डावा तुकडा. रंग काळपट, कडेला तांबूस. त्यात एकच दाढ शाबूत, पुढच्या दातांच्या नुसत्या खोबणी. हाड म्हणायचं, पण त्याचा दगड झालेला होता. त्याला किती लाख वर्षं लागली असतील हे तेव्हा कुणाला नक्की ठाऊक नव्हतं.

ते हाड मी चोरून आणलं होतं.

मी चोवीस वर्षांचा होतो. हिर्डोशीत शेतकऱ्याच्या घरी जन्मलो, भोरच्या शाळेत शिकलो. तिथल्या शास्त्राच्या मास्तरांनी माझ्या चुलत्यापाशी हट्ट धरून मला पुण्याला कॉलेजात धाडलं. पदवी घेतलेला गावातला मी पहिलाच. पुढे उत्तरेत, पंजाबच्या बाजूच्या डोंगरांत, जुन्या जनावरांची दगड झालेली हाडं शोधणाऱ्या एका पथकात मला मदतनिसाची हंगामी जागा मिळाली. पथकाचे प्रमुख कलकत्त्याचे एक बंगाली साहेब होते. हिवाळाभर तंबूत राहायचं, ओढ्याकाठची माती उकरायची, चाळायची, आणि जे मिळेल ते साहेबांपुढे ठेवून नोंदवहीत चढवायचं. हत्तींची, गेंड्यांची, हरणांची हाडं टोपल्यांनी निघत. माकडाच्या कुळातलं काही निघालं की मात्र छावणीत दिवाळी.

आदल्या हंगामात तशी एक दाढ मला सापडली होती. साहेबांचा निबंध छापून आला तेव्हा मी तो घाईघाईने उघडला. त्यात लिहिलं होतं, 'ही दाढ एका मजुरास मिळाली.' एवढंच. साहेब वाईट नव्हते. त्यांनी तसं लिहिताना क्षणभरही विचार केला नसेल, आणि त्याचंच मला जास्त लागलं होतं.

या खेपेस, छावणी उठायच्या दिवशी, मी ओढ्यावर हात धुवायला गेलो आणि पाण्याच्या कडेला मला तो जबडा दिसला. उचलला, पुसला, पुढच्या खोबणींवर बोट फिरवलं आणि तिथेच मटकन बसलो. खोबणी उभ्या नव्हत्या. पुढे आडव्या झुकलेल्या होत्या.

याचा अर्थ काय ते सांगायला हवं. मादागास्कर म्हणून एक मोठं बेट आहे, आफ्रिकेच्या बाजूला. तिथे लेमूर नावाचे प्राणी राहतात. माकडांच्या आधीची माकडं म्हणा ना. नाक कुत्र्यासारखं ओलं, डोळे मोठाले. आपल्याकडे दक्षिणेच्या रानात त्यांच्याच गोतातला लोरिस आहे, शेपूट नसलेला, रात्री फांद्यांवरून हळूहळू सरकणारा. या दोघांचे खालचे पुढचे दात उभे नसतात. ते पुढे झुकून एकमेकांना चिकटून फणीसारखे बसलेले असतात आणि हे प्राणी त्यांनी अंगावरचे केस विंचरतात. अशी फणी दुसऱ्या कुठल्या माकडाला नाही. आता हे सगळं कूळ मुळात आलं कुठून, यावर मोठमोठ्या विद्वानांची भांडणं चालली होती. कुणी म्हणत, हिंदुस्थान आणि मादागास्कर यांच्यामध्ये पूर्वी जमीन होती आणि ती समुद्रात बुडाली. कुणी म्हणत, छे, हे उत्तरेकडून खाली उतरले, त्यांच्यासारखी फार जुनी हाडं युरोप-अमेरिकेत सापडली आहेत. पण ते उतरले म्हणावं तर मधल्या वाटेवर त्यांचं एखादं तरी हाड मिळायला हवं. ते कुणाकडेच नव्हतं. माझ्या तळहातावर होतं.

मी ते नोंदवहीत चढवलं नाही. छावणीतल्या सामान बांधणाऱ्या म्हाताऱ्या गड्याने, तिकडे त्याला खलाशी म्हणत, मला ते कापसात गुंडाळताना पाहिलं. मी त्याच्याकडे पाहून हसलो. तो हसला नाही.

येताना पुण्यात उतरून कॉलेजातल्या कपाटातला लोरिसचा सांगाडा पाहिला. शेजारी माझा तुकडा धरला. आकार सोडला तर खोबण न् खोबण जुळत होती. मग मी भोरहून चालत घर गाठलं. पावसाळ्याआधी चित्रं काढायची, निबंध लिहायचा आणि स्वतःच्या नावावर छापायला धाडायचा, असा बेत होता.

घरी आई एकटीच असे. मी आठ वर्षांचा असताना मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. गावात घराघरांतून माणसं गेली. माझे वडील गेले आणि त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण. ती वर्षाचीही झाली नव्हती, नुकतेच खालचे दोन दात आले होते. आई स्वतः तापात बेशुद्ध होती. तिला शुद्ध आली तेव्हा दोघांचंही उरकलेलं होतं. या गोष्टी मला चुलत्याकडून ठाऊक. आईने त्या दिवसांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. भात लावायचा, नाचणी लावायची, हिरडा गोळा करून विकायचा, आणि दुपारी दारात बसून तपकिरीने दात घासायचे. तिचा तेवढाच एक शौक.

पहिले चार दिवस मी सोप्यात बसून चित्र काढलं. नुसत्या डोळ्यांनी दिसतील त्या सगळ्या रेघा उतरवल्या. पण दाढेवरचे बारीक उंचवटे दिसेनात. भिंग हवं होतं. भोरच्या शाळेत मास्तरांकडे एक चांगलं भिंग होतं, ते मागून आणायला मी निघालो. एवढ्या लांबच्या चालीत हाड खिशातून पडेल म्हणून डबी कोनाड्यात ठेवली.

भोरला मास्तरांनी मला पाहताच आधी एक पाकीट हातात दिलं. माझा पत्ता म्हणून मी शाळेचाच पत्ता देत असे. पत्र साहेबांचं होतं. खलाशाने सांगितलं होतं. साहेबांनी लिहिलं होतं की ते कामासाठी पुण्याला येणार आहेत, त्या दिवसापासून आठव्या दिवशी भोरच्या डाकबंगल्यात मुक्काम करतील, तिथे मी तो नमुना त्यांच्या हाती द्यावा. दिला तर ते हा विषय पुन्हा काढणार नाहीत. न दिल्यास सरकारी वस्तूची चोरी म्हणून पुढे जे होईल त्याला मी जबाबदार.

मला घाम फुटला, आणि खरं सांगतो, हायसंही वाटलं. त्या हाडाचं ओझं मला किती झालं होतं ते तेव्हा कळलं. मास्तरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देऊन टाक. मान खाली घाल आणि देऊन टाक. तुझं अजून आयुष्य जायचंय." भिंग घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच परत फिरलो. वाटभर साहेबांपुढे काय बोलायचं तेच घोकत होतो.

घरात शिरलो, कोनाड्यात हात घातला. डबी होती. हलकी लागली. उघडली तर आत तपकीर भरलेली.

"आये," मी हाक मारली, "या डबीतलं काय केलंस?"

आई चुलीपुढून उठून आली. "म्या काढलं त्ये. मला वाटलं तू माझ्यासाटी तपकीर आनली. उघडलं तर लेकराचा जबडा." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "कुठनं आनलास रं त्यो? कुनाचं लेकरू हुतं?"

"लेकरू नव्हतं ते! कुठाय? कुठं ठेवलंस?"

"ठिवतीया कशाला? दात आल्यालं लेकरू हुतं. त्याला पाणी नगं द्याया? नदीत सोडलं म्या. वरल्या डोहात."

मला आधी काही उमगलंच नाही. मग मी ओरडलो. आयुष्यात आईवर मी एकदाच ओरडलो, ते तेव्हा. काय काय बोललो ते लिहीत नाही. अडाणी म्हणालो, माझा गळा कापलास म्हणालो. ती भिंतीला टेकून उभी राहिली. माझं बोलून झाल्यावर हळू आवाजात म्हणाली, "तुज्या भनीला तुज्या चुलत्यानं तशीच नदीकाठी पुरली. लाकडं न्हवती, मानसं न्हवती, त्याचा दोस न्हाई. म्होरल्या पावसात काठ वाहून गेला. तिला पाणी म्या दिलं न्हाई, आग दिली न्हाई. आनी तू दुसऱ्या कुनाचं लेकरू डबीत घालून हिंडतूस. मला बघवंना."

सोळा वर्षांत ती पहिल्यांदा हे बोलली होती, आणि मी तिच्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. मी विचारलं, "कुठून टाकलंस? कुठल्या दगडावरून?"

तिने टाकलं नव्हतं. पळसाच्या पानाचा द्रोण करून, त्यात तांदळाचे दाणे, हळद आणि ते हाड ठेवून तिने तो पाण्यावर सोडला होता. वैशाखात नदीला धार नव्हती. नुसता डोह उरला होता, वाऱ्याने पाणी हलेल तेवढंच. द्रोण काठाकाठाने सरकत गेला. आई हात जोडून मागे फिरली. तो कुठे बुडाला ते तिने पाहिलं नाही.

माझ्या हातात सहा दिवस होते.

पहिल्या दिवशी मी छातीभर पाण्यात उतरलो. पायाने चाचपायचं, हाताने तळची रेव पाटीत भरायची, काठावर आणून भाताच्या चाळणीत धुवायची. हेच काम मी उत्तरेत दोन हंगाम केलं होतं, पण तिथे माझ्याबरोबर वीस माणसं असत. संध्याकाळपर्यंत काठालगतची हातभर जागा झाली. डोह आडवा पन्नास पावलं होता.

दुसऱ्या दिवशी मी पाटलांकडे गेलो. डोह उपसायची परवानगी मागितली. तळ उघडा पडला की दोन दिवसांत काम होईल, असं म्हणालो. पाटील वयस्कर, वडिलांचे दोस्त. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काय हुतं म्हनलास?"

"एक हाड आहे. सरकारी आहे. नाही दिलं तर मला तुरुंगात घालतील."

"आन् डोह उपसल्यावर गावानं काय प्यायाचं? गुरं कुठं न्यायाची? पाऊस याला अजून महिना हाय." ते माझ्याकडे वाईट वाटून बघत होते. "लेकरा, तुझ्या बापासाटी म्या काय बी केलं असतं. पर हे मागू नगंस."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि आत निघून गेले. पाटलांचं बरोबर होतं, हे तेव्हाही मला कळत होतं. तरी परतताना मी त्यांना शिव्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी आई डोहावर आली. लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात उतरली आणि पाटी भरू लागली. मी तिच्याशी बोलत नव्हतो. दुपारी चाळणीत रेव हलवता हलवता तीच म्हणाली, "लेकरू न्हवतं म्हनतूस, मग काय हुतं?"

मी चिडून सांगितलं, "माकडाच्या आधीचं माकड. लाखो वर्षांपूर्वीचं. त्याच्यापासून पुढं काय काय झालं, कोण कुठं गेलं, ते त्या हाडावरून कळलं असतं."

"मंजी आपुन बी त्याच्यातलंच?"

"आपण नाही. आपली वाट वेगळी झाली. पण फार फार मागं गेलं तर मूळपुरुष एकच."

तिने चाळण खाली ठेवली. "मूळपुरुस येक, वाटन्या येगळ्या. मंजी भावकीच की रं. भावकीतल्याला पाणी दिलं, त्यात माजं काय चुकलं?"

कॉलेजात तीन वर्षं मी लेमूरचं आणि माणसाचं नातं शिकत होतो. ते एवढ्या नेमक्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याचं मला कौतुक वाटलं नाही, राग आला.

चौथ्या दिवशी सकाळी द्रोण सापडला. वरच्या अंगाला, लव्हाळ्यात अडकलेला. मी धावत, पडत तिथे गेलो. पान कुजून काळं झालं होतं. तळाशी चिरलं होतं आणि आत काही नव्हतं. त्याच्या खालची सगळी रेव आम्ही दोघांनी दिवसभर चाळली. संध्याकाळी गावाची गुरं पाण्यावर आली. म्हशी नेहमीप्रमाणे आत उतरल्या, नेमक्या त्याच लव्हाळ्यात बसल्या, लोळल्या. मी काठी घेऊन त्यांना हाकलायला धावलो. गुराखी, बायका, सगळे काठावर उभे राहून माझ्याकडे पाहत होते. कुणी हसलं नाही. त्यांना माझी भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी मी डोहावर गेलो नाही. उंबराच्या झाडाखाली एक वटवाघूळ मरून वाळलं होतं. त्याचा जबडा मी काढला. पुढचं टोक मोडलं, एक दाढ ठेवून बाकीचे दात उपटले. मग घरातला हिरडा कुटला, त्यात मोडक्या विळ्याचा लोखंडी तुकडा टाकला, पाणी घालून उकळलं. आमच्याकडे शाई अशीच करत. त्या काळ्या पाण्यात जबडा बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला तर तो बेमालूम काळपट झाला होता. राख आणि तांबड्या मातीने कडा घासल्या. भिंगातून पाहिलं. जो माणूस लोरिसच्या दाढेचे उंचवटे डोळे मिटून सांगू शकत होता तो वाघळाच्या दाढेकडे बघत स्वतःची समजूत घालत होता, की चालेल, झिजली आहे म्हणता येईल.

आई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. मी भोरला निघालो तेव्हा तीही निघाली.

"तू कशाला?"

"सायबाला सांगंन, म्या केलं. बाईमानसाला काय करील त्यो?"

मी नको म्हणालो, ओरडलो. ती दहा पावलं मागे राहून चालतच राहिली. निम्म्या वाटेवर मीच थांबलो आणि तिला पाणी दिलं.

भोरच्या बंगल्यात साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. पन्नाशीचे, बारीक, टोपी काढून शेजारी ठेवलेली. आई पायरीवर बसली. मी डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी जबडा उचलला, तळहातावर तोलला. वजनावरूनच त्यांना कळलं असेल. तरी त्यांनी कोटाच्या कॉलरमधली टाचणी काढली, काडी पेटवून तिचं टोक लाल केलं आणि जबड्याला टेकवलं. चर्र झालं आणि जळक्या केसांसारखी घाण आली. दगड झालेल्या हाडाला असा वास येत नाही.

"ही परीक्षा तुला ठाऊक नव्हती?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "छावणीत टाचणी मला तूच तापवून द्यायचास."

मी त्यांच्या पायांशी बसलो. आणि मग सगळं सांगितलं, ओढ्यापासून डोहापर्यंत. निबंधातला तो 'मजूर' हा शब्दसुद्धा सांगितला. त्यांनी जबडा परत डबीत ठेवला. शेवटी म्हणाले, "चित्र काढलंस?"

मी चित्र दिलं. ते उन्हात धरून त्यांनी फार वेळ पाहिलं. खोबणींवर त्यांचं बोट थांबलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही आठवायला नको वाटतं. माणसाला आपल्याच घरातलं कुणी गेल्याची बातमी कळावी तसे ते दिसले. मग त्यांनी दाढेच्या मागे बोट ठेवलं.

"हे काय काढलं आहेस?"

"भेग असावी, साहेब."

"भेग नाही. पुढची दाढ हाडाच्या आत आहे. अजून वर आलेलीच नव्हती." त्यांनी कागद खाली ठेवला. "हे पिल्लू होतं. इतके दिवस तुझ्या हातात होतं आणि तुला ते दिसलं नाही."

पायरीवरून आईने विचारलं, "काय म्हनाले?"

मी सांगितलं, "म्हणाले, ते लेकरू होतं."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी कारण विचारलं. मी बहिणीचं सांगितलं, नदीकाठचं सांगितलं. ते उठले, टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. मग मला म्हणाले, "तिला जे योग्य वाटलं ते तिने केलं. तुझं तसं म्हणता येणार नाही."

त्यांनी पोलिसांत तक्रार दिली नाही. मला कामावरून काढल्याचा कागद तिथेच लिहून सही करून दिला. चित्र मी त्यांना देऊ केलं, तर त्यांनी मान हलवली. "हाडाशिवाय चित्र म्हणजे ऐकीव गोष्ट. हे छापायला गेलो तर माझ्या बाकीच्या कामावरचाही लोकांचा विश्वास उडेल." जाताना त्यांनी आईला नमस्कार केला. मला केला नाही.

त्यानंतर मी हिर्डोशीला राहूच शकलो नाही. मास्तरांनी खटपट करून मला भोरच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवायला लावलं. एक खोली घेतली. शाळा सुटली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. जेवण जाईना. महिनाभरात पाऊस लागला, नदीला पाणी आलं, आणि आता काहीच उरलं नाही हे मनाशी पक्कं झालं. त्या दिवसांत मी काय काय विचार केले ते मास्तरांनी ओळखलं असावं. ते रोज येऊन कोपऱ्यात वाचत बसत. मला काही विचारत नसत.

श्रावणात एक दिवस आई भोरला आली, भिजलेली, पाठीवर बोचकं. मी निघून आल्यावर नदी भरेपर्यंत, रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत ती एकटी त्या डोहात रेव चाळत होती. चुलत्याने ओढून घरी नेलं तरी पुन्हा जायची. बोचक्यात तिने वेचलेलं सगळं होतं. तिने ते माझ्यापुढे फडक्यावर ओतलं. माशांचे काटे, खेकड्यांच्या नांग्या, कोंबडीची हाडं, शेळीचा दात, काळे खडे, फुटक्या बांगड्या. तिच्या हातापायांची सालटं निघाली होती.

"बघ," ती म्हणाली, "हितलं कुठलं हाय का. मला वळखू येत न्हाई."

मी भिंग घेतलं. एकेक खडा, एकेक काटा उचलून, दोन्ही बाजूंनी पाहून बाजूला ठेवत गेलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पहिल्या मुठीतच मला कळलं होतं की यात ते नाही. तरी शेवटच्या खड्यापर्यंत मी पाहिलं. मग म्हणालो, "नाही, आये."

"पुन्ना उन्हाळ्यात बघू," ती म्हणाली.

मी तिला परत पाठवलं नाही. पुढची आठ वर्षं ती माझ्याजवळ भोरलाच होती. तिच्या मनातून ते कधी गेलं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, तिने त्यांना खेळवलं. पण घरात काही सांडलं-हरवलं की ती दचकून आधी माझ्याकडे बघायची. मी तिला पुष्कळदा सांगितलं की तुझी चूक नव्हती, चोरी माझी होती. ती हो म्हणायची. गेली त्या आजारपणातही तिने मला दोनदा विचारलं, "सायबाचं पत्र आलं का?"

ती गेल्यानंतरच्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात जुनी मासिकं चाळताना मला एक छोटा निबंध दिसला. उत्तरेतल्या त्याच डोंगरांत कुणा परदेशी माणसाला लोरिसच्या कुळातल्या जुन्या प्राण्याच्या जबड्याचा दाढेसह तुकडा मिळाला होता. म्हणजे मधल्या वाटेवरचं हाड अखेर जगाला मिळालं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. मी निबंध उभ्यानेच दोनदा वाचला. दाढेचं चित्र माझ्या चित्रासारखंच होतं, पण पुढचा भाग त्यात नव्हता. तो मोडून गेलेला होता. दातांची फणी होती की नाही, हे लेखकाने प्रश्न म्हणूनच सोडलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मी कुणालाही सांगू शकत नव्हतो. मी मासिक जागेवर ठेवलं आणि मोटारीने भोरला परत आलो.

भोर संस्थान विलीन होण्याच्या सुमाराला पुण्याहून एक तरुण प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन वरंध्याच्या घाटाकडे खडक दाखवायला आले. शाळेने वाटाड्या म्हणून मला दिलं. घाटमाथ्यावर काळ्या कातळापुढे उभं राहून त्यांनी मुलांना समजावलं की हा सगळा प्रदेश थिजलेल्या लाव्ह्याचा आहे, जुन्या प्राण्यांची हाडं शोधायला इथे येण्यात अर्थ नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गुरुजी, तुमच्या भागात असं काही मिळाल्याचं कधी कानावर आलंय?"

मी नाही म्हणालो, आणि ऊन चढायच्या आत खाली उतरायला हवं म्हणून मुलांना पुढे घातलं.